चष्मा, चहा आणि मिलिसेकंद

पहाटे ५:४०

गजराच्या आधी जाग आली तरी मी मनगटावरच्या घड्याळाकडे लगेच बघत नाही. ते रात्रभर हालचाल आणि नाडीचे ठोके मोजतं, त्यावरून झोपेचा अंदाज बांधतं आणि सकाळी गुण देतं. ते गुण आधी पाहिले की दिवस त्यांच्याच कलाने जातो, हा माझा अनुभव आहे. म्हणून आधी स्वतःला विचारायचं, झोप कशी झाली? उत्तर वहीत लिहायचं. मग तोंड धुऊन, चहाच्या आधी, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसून फोनवर तीन मिनिटांची चाचणी द्यायची.

चाचणी साधी आहे. पडदा रिकामा असतो. कधी सेकंदाभराने, कधी चार सेकंदांनी त्यावर आकडे पळू लागतात. पळताना दिसले की अंगठा टेकवायचा. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५ साली ही चाचणी मांडली तेव्हा ती दहा मिनिटांची होती. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला, तर तेवढा क्षण माणूस तिथे नव्हता असं धरतात. दहा मिनिटं काहीच न घडणाऱ्या पडद्याकडे बघत राहणं थकलेल्या मेंदूला झेपत नाही, म्हणून ही चाचणी झोपेची उधारी उघडी पाडते.

माझा नेहमीचा वेळ २६० ते २८० मिलिसेकंद. आज ३१२. रात्री आईला खोकला होता, दोनदा उठावं लागलं. वहीत आकड्याशेजारी तेही लिहिलं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली निरोगी माणसांना चौदा रात्री सहा-सहा तासच झोपू दिलं होतं. शेवटी त्यांचे निकाल एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखे आले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या माणसांना आपण एवढे मंदावलो आहोत याची जाणीवच नव्हती. स्वतःच्या मेंदूबद्दल आपलं मत नेहमी विश्वासार्ह नसतं, आणि माझं काम त्यामुळेच आहे.

सकाळी ७:१०

मी निरोगी माणसांच्या चाचण्या घेते. चाळिशीपासून सत्तरीपर्यंतची, कोणताही मेंदूचा आजार नसलेली पुण्यातली माणसं. टॅबलेटवर लक्ष, स्मरणशक्ती, वेग, शब्दांचा ओघ असं सगळं मोजायचं, बारा आठवडे झोप, चालणं, ऐकणं, रक्तदाब यांवर काम करायचं आणि पुन्हा मोजायचं.

पिशवीत काय काय असतं ते सांगते. एकाच बनावटीचे दोन टॅबलेट. दोन स्टायलस. जवळचं वाचायचे चार चष्मे, दीड ते तीन नंबरचे, कारण दर आठवड्याला कुणाचा तरी चष्मा घरी राहतो. पडदा पुसायचं फडकं. थर्मासमध्ये चहा, बिस्किटांचा पुडा. आणि कागदाची एक वही.

टॅबलेट एकाच बनावटीचे का, हे आम्ही ठेच लागून शिकलो. गेल्या वर्षी एक बिघडला, त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा आणला, आणि त्या आठवड्यात जो येईल तो साठ-सत्तर मिलिसेकंदांनी मंद निघायला लागला. बोट टेकल्यापासून यंत्राला ते कळेपर्यंत थोडा वेळ जातो आणि तो प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. त्या आठवड्यातल्या सगळ्यांना आम्ही पुन्हा बोलावलं. हे लक्षात आलं नसतं, तर तेवढ्या लोकांच्या फायलीत ‘वेग कमी’ असं कायमचं बसलं असतं.

निघण्याआधी टॅबलेट विमान मोडवर टाकला, पडद्याचा उजेड ठरलेल्या खुणेवर आणला आणि आपोआप होणारे अपडेट बंद आहेत ना ते पाहिलं.

सकाळी ८:३०

सहकारनगरातल्या एका सोसायटीचा हॉल. पहिले काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ६१. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत गेल्या पाच वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट.

“मॅडम, निकाल लगेच कळतो का? म्हणजे पास-नापास?”

“काका, यात नापास कुणी होत नाही. आधी सांगा, चहा घेतलात?”

“छे! तपासणी आहे ना. रात्री आठपासून काही नाही पोटात.”

तपासणी म्हटली की उपाशीपोटी, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की निरोप देऊनही लोक रिकाम्या पोटी येतात. चाळीस वर्षं सकाळी दोन कप चहा घेणारा माणूस चहाविना बसला की त्याचं डोकं जड होतं, लक्ष फिरतं. ती चाचणी त्याच्या मेंदूची होत नाही, चुकलेल्या चहाची होते. थर्मास उघडला, बिस्किटं दिली आणि वीस मिनिटं गप्पा मारत बसलो. एकेक करून विचारलं. रात्री कितीला झोपलात? झोपेची किंवा सर्दीची गोळी? कोणत्या कानाने फोन ऐकता? कोणत्या भाषेत शिकलात? मन कशात अडकलंय का आज?

शेवटच्या प्रश्नावर ते जरा थांबले. “माझ्या वडिलांना शेवटी काही आठवत नव्हतं. मला नावं आठवेनाशी झाली की पोटात गोळा येतो.”

तरतरीत, व्यवस्थित माणूस आणि आत एवढी भीती. निरोगी माणूस इथे येतो तो बहुतेकदा असा. म्हणून पहिला आकडा मला कधीच माणसाचा वाटत नाही, त्यात भीतीचा वाटा फार असतो. आम्ही सगळ्यांना आठवड्याभराने पुन्हा बोलावतो आणि दुसरी मोजणी पाया मानतो. आकडा जाहीर करायच्या आधी त्याला भीतीपासून वेगळं काढणं हे मोजणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

काकांनी चांगलं केलं. अंक आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची असतात, १ पासून क, क पासून २, २ पासून ख. ‘घ’पर्यंत ते सरळ गेले आणि मग बोट हवेत थांबलं. पुढे काय, ङ की च? इंग्रजी एबीसीडी ओळीने पाठ असते, पण आपली वर्णमाला शाळा सुटल्यावर कुणी ओळीने म्हणत नाही. मराठी माध्यमातले बँक अधिकारीसुद्धा ‘घ’नंतर क्षणभर अडखळतात. हे अडखळणं मेंदूचं नाही, वर्णमालेचं आहे. म्हणून आमच्या चाचणीत अक्षरं ‘घ’लाच थांबतात, पुढे आठवड्याचे वार येतात. काकांना आलेला ‘ङ’ जुन्या सरावपत्रिकेतला होता, गुणांत धरला जात नाही.

सकाळी ९:४०

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू, वय ५२. माण तालुक्यातल्या, लग्नानंतर पुण्यात आलेल्या. पहाटे चारला उठून दीडशे पोळ्या लाटून आल्या होत्या. “अकराला डबेवाली पोरगी येईल, तोवर करा काय ते,” म्हणाल्या.

पहिल्याच भागात गडबड दिसली. हिरवं वर्तुळ आलं की टॅप करायचं. काकूंचा हात चटकन जात होता, मी डोळ्यांनी बघत होते, आणि पडदा काही नोंदवत नव्हता. एकदा टॅप, काही नाही. दुसऱ्यांदा, जोरात, मग नोंद. वेळ ७४० मिलिसेकंद. पुढच्या वेळी ६९०. टॅबलेटच्या हिशेबात बाई फार मंद होत्या.

मी चाचणी थांबवली आणि त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं कोरडी, गुळगुळीत, तव्याच्या कडेने पुन्हापुन्हा भाजून घट्ट झालेली. पिठाने त्वचेतला ओलावा ओढून घेतलेला. हा पडदा दाब ओळखत नाही. बोट टेकल्यावर विजेच्या भारात जो बारीक फरक पडतो, तो ओळखतो. कातडी अशी कोरडी आणि जाड झाली की तो फरक पडद्याला जाणवत नाही. पोळ्या करणारी, भांडी घासणारी, विटा वाहणारी, बागकाम करणारी माणसं या यंत्रापुढे मंद ठरतात ती अशी. ही यंत्रं बनवताना समोर मऊ बोटांचा माणूस धरलेला असतो.

“काकू, बोटाने नको. हे घ्या, पेनासारखं धरा.”

स्टायलस हातात आल्यावर सरासरी ३४० वर आली. पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाला, पहाटे चारच्या उठण्यावर, हा वेळ उत्तम आहे. पहिल्या दहा टॅपच्या नोंदी मी रद्द केल्या आणि रद्द का केल्या ते वहीत लिहिलं. यंत्राला कारण लिहायला जागाच नसते.

मग शब्दांचा ओघ. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी. शहरातला शिकलेला माणूस इथे बहुधा वाघ, सिंह, हत्ती, जिराफ असं प्राणिसंग्रहालयातून चालत निघतो. काकूंनी डोळे मिटले आणि त्या गोठ्यात शिरल्या. गाय, वासरू, कालवड, खोंड, बैल, म्हैस, रेडा, रेडकू. मग बाहेर आल्या. मेंढी, मेंढा, कोकरू, करडू, घोडं, शिंगरू, गाढव. मग घर. कुत्रं, मांजर, उंदीर, घूस. मिनिट संपलं.

एकोणीस. पण एकोणीस की दहा? सुरुवातीला आमच्याकडे जी नियमावली होती, तिच्यात एका जातीचे नर, मादी, पिलू मिळून एकच गुण होता. त्या हिशेबाने गोठ्यातले आठ शब्द दोनावर येतात, आणि सगळी यादी दहावर. मी तेव्हा या नियमाशी भांडले होते, आजही भांडेन. कालवड आणि खोंड हे काकूंच्या डोक्यात दोन वेगळे प्राणी आहेत. एक दूध देणार, एक औताला जाणार. वेगळे शब्द, वेगळ्या किमती, वेगळी आयुष्यं. ज्याची भाषा जनावरांबाबत एवढी श्रीमंत आहे, त्याला त्या श्रीमंतीबद्दल गुण कापायचे? शिवाय या भागात पाहायचं काय असतं, तर एका खोलीतून शब्द काढून दुसऱ्या खोलीत माणूस किती सहज जातो. गोठा, माळ, घर. काकू दोन्ही वेळा न अडता गेल्या. आता आमचा नियम बदललाय, शब्द वेगळा तर गुण वेगळा.

“एवढंच?” उठताना म्हणाल्या. “मला वाटलं डोक्याला वायरी लावाल.”

सकाळी ११:१५

सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल, कालच्या नोंदी. शंभर मिलिसेकंदांच्या आत आलेले टॅप बाजूला काढायचे. एवढ्या वेळात डोळ्यांनी पाहून हात हलू शकत नाही, ती घाईने केलेली अटकळ असते. कुणाच्या चाचणीत मध्येच पन्नास सेकंदांचा खंड दिसतो. वही उघडायची, तिथे लिहिलेलं असतं, ‘कुरिअरवाला आला’. एकदा सगळं स्वच्छ केलं की मगच सरासरी.

दुपारी १२:००

हिंजवडीत काम करणारा ४३ वर्षांचा इंजिनिअर, लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉलवर. तीन वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं मेंदूचे खेळ खेळतो. ॲपमध्ये बराच वरचा टप्पा गाठलाय. त्याची तक्रार अशी की तिथे एवढे गुण असताना माझ्याकडची त्याची चाचणी साधारणच का आली.

त्याला मी जे सांगितलं ते मोकळेपणाने सांगितलं. मेंदू ज्याचा सराव करतो त्यात तरबेज होतो. चौकटी लक्षात ठेवायचा खेळ खेळलास तर चौकटी उत्तम लक्षात राहतील. त्यातून मीटिंगमधलं बोलणं लक्षात राहील असं नाही. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ दिले होते, निकाल २०१० साली ‘नेचर’मध्ये आला. खेळांत सगळे सुधारले, पण खेळांबाहेरच्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. ‘लुमोसिटी’ हे असंच खेळांचं ॲप बनवणाऱ्या कंपनीला तर २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले. खेळांमुळे म्हातारपणी होणारी बुद्धीची घसरण टळते, अशा जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, हा आयोगाचा आक्षेप होता.

“म्हणजे सगळं फुकट?”

नाही. तेवढं म्हणणंही खरं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला. ६५ वर्षांवरची २,८०२ माणसं, तीन प्रकारचं प्रशिक्षण, प्रत्येकी साधारण दहा बैठका. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा स्मृतीच्या आणि तर्काच्या सरावाने डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, जोखमीत ठाम फरक दिसला नाही. पण नजरेच्या कडेला काय चाललंय ते झटकन टिपायचा वेगाचा सराव ज्यांनी केला, त्यांच्यात ती जोखीम २९ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे कोणता सराव, किती, कुणासाठी, याला अर्थ आहे. सरसकट ‘ब्रेन ट्रेनिंग’ या शब्दाला नाही.

मग त्याचा दिवस विचारला. एकाच वेळी चार चॅट उघडी, जेवताना फोन, रात्री साडेबाराला झोप. डॅलसमध्ये सँड्रा चॅपमन यांनी १९९९ साली सुरू केलेलं मेंदूच्या आरोग्याचं केंद्र आहे. तिथे निरोगी माणसांना जे शिकवतात त्यातलं मला पटलेलं काम अगदी साधं आहे. एका वेळी एकच काम, मध्ये मध्ये पाच मिनिटं डोक्याला खरी सुट्टी, आणि वाचलेलं-ऐकलेलं जसंच्या तसं साठवण्यापेक्षा त्याचं सार स्वतःच्या शब्दांत काढायची सवय. मी त्याला म्हटलं, खेळ आवडत असतील तर खेळ. पण बारा आठवडे त्यातली दहा मिनिटं झोपेला दे, आणि प्रत्येक मीटिंगनंतर दोन ओळी लिही, त्याआधी दुसरी खिडकी उघडायची नाही. आणि पुढच्या चाचणीत गुण चार-पाचने वाढले तर हुरळून जायचं नाही. दुसऱ्यांदा पेपर सोडवताना सगळ्यांचेच थोडे वाढतात.

दुपारी १:३०

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी. फोन उलटा ठेवून.

दुपारी २:१५

आजची सगळ्यांत महत्त्वाची भेट. निवृत्त शिक्षिका, वय ६४, बारा आठवड्यांनंतरची दुसरी फेरी.

पहिल्या फेरीत त्यांची शब्दांची यादी खूप कमी आली होती. पंधरा शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यांनी म्हणायचे, असं पाच वेळा. सहसा दर वेळी थोडे वाढतात. बाईंचे पाचव्या वेळीही सातच. त्या स्वतः हबकल्या होत्या. “मी तीस वर्षं हजेरीपट न बघता मुलांची नावं घेतली हो.”

त्या दिवशी रात्री मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. आम्ही मुद्रण ठेवतो ते एवढ्यासाठीच. यादीत ‘दिवा’ होता, बाई म्हणाल्या ‘शिवा’. ‘पाट’ होता, त्या म्हणाल्या ‘काठ’. ‘सुपारी’ला ‘दुपारी’. टॅबलेटने तिन्ही चुका म्हणून नोंदवल्या, आणि नियमाने त्या चुकाच. पण चुका एका जातीच्या नसतात. ‘दिव्या’ऐवजी कुणी ‘कंदील’ म्हणाला, तर शब्द आत पोचला होता, काढताना शेजारचा हाताला लागला. ‘शिवा’ म्हणाला, तर तो आत नीट पोचलाच नव्हता. बाईंच्या सगळ्या चुका व्यंजनांच्या होत्या. स्वर बरोबर, पहिलं व्यंजन गेलेलं. स, प, त, क यांचे आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतले, वय वाढताना ऐकणं कमी होतं ते आधी तिथे. ही चूक आठवणीची नव्हती, कानाची होती.

त्यांना मी कान तपासायला पाठवलं. दोन्ही कानांत मध्यम प्रमाणात कमी. घरात टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून सून चिडायची, तेवढंच त्यांना माहीत होतं. यंत्र घ्यायला नाखूश होत्या, म्हातारी दिसेन म्हणून. दोन भेटी त्यातच गेल्या.

ऐकणं कमी होणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मोठं कारण आहे, असं ‘लॅन्सेट’चा आयोग २०१७ पासून सांगतो आहे. २०२४ च्या अहवालात अशी चौदा कारणं आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, आणि त्या अहवालात नव्याने आलेली कमी दिसणं व वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल. आयुष्यभर सगळी सांभाळली तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. कानाच्या यंत्राचा थेट प्रयोगही झाला आहे, निकाल २०२३ चा. सगळ्या गटाचा मिळून फरक दिसला नव्हता. ज्यांची जोखीम आधीच जास्त होती, त्यांच्यात मात्र तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी झाली. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, आणि मी बाईंना दोन्ही सांगितल्या होत्या.

आज त्या कानात यंत्र घालून आल्या. वेगळी यादी, त्याच अवघडपणाची. पहिल्या वेळी सहा. मग आठ, अकरा, बारा, तेरा.

तेरा झाल्यावर मी काही बोलले नाही, नियम आहे. त्यांनीच विचारलं, “बरं गेलं का ग?” मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ. मला माहीत आहे की सात ते तेरा ही स्मरणशक्तीची वाढ नाही. स्मरणशक्ती होतीच, शब्द पोचत नव्हते. माझ्या फाइलीत मी तसंच लिहिलं. पण तीन महिने ही बाई आपली बुद्धी चालली म्हणून घरात गप्प बसत होती, भिशीला जाणं बंद केलं होतं. नुसता आकडा हातात देऊन पाठवलं असतं तर ती तशीच गप्प राहिली असती. गप्प राहणं, माणसं टाळणं हेही त्या चौदांतच आहे.

दुपारी ३:४५

साप्ताहिक बैठक. आमच्या ॲपमधली मराठी वाक्यं. ‘उद्दीपक दृश्यमान होताच प्रतिसाद नोंदवा’ हे काढून ‘हिरवं गोल दिसलं की लगेच टॅप करा’ केलं. हा नुसता सोपेपणाचा प्रश्न नाही. पहिलं वाक्य समजायला जो वेळ लागतो तो माणसाच्या खात्यात मांडला जातो.

मग दोन तास चालू शकला असता असा विषय. आठवड्याची चाचणी चुकली की फोनवर जाणारी सूचना. सुचवलेलं वाक्य होतं, ‘तुमचा मेंदू वाट बघतो आहे, उशीर करू नका’. मी नाही म्हटलं. सकाळच्या काकांसारखी माणसं असं वाक्य रात्री अकराला वाचतात. शेवटी ठरलं, ‘या आठवड्याची चाचणी बाकी आहे. सवड झाली की करा.’

आणखी एक. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने त्यांच्या कर्मचाऱ्यांचे गुण नावासकट मागितले होते, ‘आरोग्य योजनेसाठी’. उत्तर एका ओळीचं गेलं, देता येणार नाहीत. संमतीपत्रावर गुण फक्त त्या व्यक्तीला देऊ असं लिहिलंय, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. कायदा नसता तरी दिले नसते. कुणाच्या प्रतिक्रियेचा वेळ त्याच्या साहेबाच्या टेबलावर पोचला, तर उद्यापासून कुणी खरी झोपही सांगणार नाही.

संध्याकाळी ५:३०

तळजाई टेकडीवर चालणाऱ्यांचा गट, आज चौदा जण. इथे मोजणी नाही, फक्त सोबत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालवलं होतं. आठवणीशी संबंधित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्के वाढला, नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी १,२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र करून पाहिलं, तेव्हा एकत्र करण्यातला फायदा दिसला. चढावर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवायचा, असं मी सांगते. दोन मैत्रिणी तरीही म्हणून बघतात आणि धापा टाकतात.

संध्याकाळी ७:१५

फोन. गेल्या आठवड्यातल्या एका सहभागीचा मुलगा. “बाबांचा स्कोअर कमी आलाय. अल्झायमर आहे का?”

हा प्रश्न आला की मी सावकाश बोलते. ही चाचणी निदान करत नाही. एका दिवशीचा एक आकडा कमी येणं म्हणजे आजार नव्हे. पण बाबा तीन महिन्यांत तीनदा गॅस बंद करायला विसरले, हे त्याने नंतर सांगितलं, आणि माझ्या लेखी ते आकड्यापेक्षा मोठं आहे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा म्हटलं, आणि जाण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, त्यात दर तिघांपैकी दोघांचं बी-१२ कमी होतं. ते कमी असल्याने विसरायला होत असेल, तर भरून काढता येतं. वेळेवर कळलं पाहिजे.

त्याने विचारलं, “तुमच्या ॲपने ते का नाही सांगितलं?”

कारण ॲपला गॅस दिसत नाही.

रात्री ९:४५

आईला काढा दिला. टॅबलेट चार्जिंगला, स्टायलस दोन्ही पिशवीत, चष्मे मोजून चार. उद्या सकाळी ज्यांची वेळ आहे त्यांना आवाजी निरोप पाठवला, “नमस्कार, उद्या चहा-नाश्ता करून या, उपाशी येऊ नका. जवळचा चष्मा आठवणीने आणा.”

फोन स्वयंपाकघरात ठेवायला निघाले तोच तो वाजला. पोळी-भाजीच्या काकूंचा निरोप होता, मागे भांड्यांचा आवाज.

“ताई, करडू बोलले पण शेळी राहिली बघा. आन् घोरपड. मघापास्नं डोक्यात फिरतंय. लिवून घ्या.”

मिनिट सकाळी दहालाच संपलं होतं, एकोणिसाचे एकवीस करता येत नाहीत. वही काढली, काकूंच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘शेळी, घोरपड. रात्री ९:५०, स्वतःहून.’